जुन्या पिकअपला नवे पाय

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर रोज एका गाडीची चर्चा व्हायची. गाडी बेळगावात नव्हती. ती होती कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळ, माझ्या मामाच्या शेडमध्ये. १९६९ सालची फोर्ड एफ-१०० पिकअप. इथे रात्रीचे नऊ वाजले की तिथे सकाळचे साडेसात. मामा मोबाईल एका डब्याला टेकवून ठेवायचा आणि गाडीचा उघडा पडलेला पुढचा भाग आम्हाला दाखवायचा. माझे पप्पा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर आहेत. मामाला ते भावजी. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही लोखंडाचा विषय निघाला की मामाला भावजींशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी. 'किंगपिन' हा शब्द तोवर मी फक्त बातम्यांत, कुठल्यातरी टोळीच्या म्होरक्यासाठी वाचला होता. सुरुवातीला मोबाईल धरण्यापुरतीच मी तिथे बसायचे. पण आठवड्याभरात मी प्रश्न विचारू लागले, आणि पप्पांनी उत्तरं देताना माझ्या वहीची चार पानं चित्रांनी भरली. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा मला त्या पानांचीच आठवण झाली.

मामापुढचा प्रश्न असा होता: या जुन्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन आहे तेच दुरुस्त करायचं, की ते कापून काढून तिथे एका नव्या मोटारीचं बसवायचं? अमेरिकेत जुन्या पिकअपची हौस असलेले बरेच लोक दुसरा रस्ता धरतात. तो रस्ता नेमका काय आहे, त्यात काय मिळतं आणि काय कायमचं जातं, हे इथे सांगते.

आधी दुखणं काय?

मागच्या वर्षी पावसाळी रात्री मामा आणि मामी हायवे ९९ वरून घरी येत होते. रस्त्याला एका ठिकाणी खड्डा होता. डावं चाक त्यात गेलं आणि गाडी स्वतःच शेजारच्या लेनमध्ये सरकली. शेजारी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मामीने त्या रात्री काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून त्या गाडीत बसणं बंद केलं. रविवारी चर्चला जायचं तर ती आपली छोटी मोटार काढायची आणि मामा मागून पिकअप घेऊन एकटा यायचा.

मामाने सगळं सांगितल्यावर पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "बुश कधी बदललेस?"

माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पन्नास वर्षांच्या गाडीची दुखणी दोन प्रकारची असतात. एक वयाची, दुसरी बांध्याची. रबरी बुश झिजलेले, किंगपिन ढिल्या झालेल्या, स्टीअरिंगच्या गिअरबॉक्समध्ये खेळ आलेला, ही वयाची दुखणी. सुटे भाग बदलले की ती बरी होतात, आणि त्यासाठी गाडी कापायची गरज नसते. बांध्याचं दुखणं मात्र गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापासून तिच्यात असतं. पप्पांचं म्हणणं एवढंच होतं की आधी वयाचं दुखणं काढून टाक, मग जे उरेल ते बांध्याचं.

मामाने ते केलं. किंगपिन नव्या घातल्या, बुश बदलले, स्टीअरिंग बॉक्स नीट लावून घेतला. गाडी पुष्कळ सुधारली. पण एका चाकाला खड्डा लागला की तिची थोडी सरकायची सवय गेली नाही, आणि पुढचे टायर आतल्या कडेने झिजणंही थांबलं नाही. आधीच्या कुणा मालकाने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून पुढची स्प्रिंग कापून ती खाली बसवली होती, त्याचाही यात वाटा होता. पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक होते. मामाला गाडी प्रदर्शनात उभी करायची नव्हती, रोज चालवायची होती.

चाक गाडीला कसं धरलेलं असतं

बैलगाडीपासून सुरुवात करू. तिच्या दोन चाकांमध्ये एकच आडवा आस असतो. एक चाक दगडावर चढलं की आस तिरका होतो, आणि दुसरं चाक सपाट जमिनीवर असूनही कलतं. जुन्या जीपच्या किंवा मालट्रकच्या पुढच्या बाजूला हीच मांडणी असते, फक्त आस आणि गाडी यांच्यामध्ये पाटे असतात. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, आपल्याकडे ट्रकवाले 'पाटा तुटला' म्हणतात तेच. फोर्डच्या एफ मालिकेतल्या पिकअपना १९६४ पर्यंत पुढे असाच एकसंध आस आणि पाटे होते. मजबूत, स्वस्त, पण रस्त्यावर हादरे देणारे.

१९६५ साली फोर्डने 'ट्विन आय-बीम' आणलं. एका आसाऐवजी दोन आस. डाव्या चाकाचा आस गाडीखालून आडवा जाऊन उजव्या बाजूला बिजागरीवर बसतो, आणि उजव्या चाकाचा डाव्या बाजूला. पाट्यांच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग. आता एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पूर्वीइतका लागत नाही. ही मांडणी वाईट नव्हती. फोर्डने एफ-१५० मध्ये ती १९९६ पर्यंत ठेवली, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ शेतांवर आणि बांधकामांवर तिने काम केलं.

पण तिचा एक स्वभाव आहे. दाराला बिजागरी असते तसं चाक एका बिंदूभोवती फिरतं, त्यामुळे वर जाताना ते सरळ वर जात नाही, कमानीत जातं आणि त्याचा माथा आत झुकतो. खाली येताना माथा बाहेर झुकतो. गाडी खाली बसवली की चाकं कायमचीच आत झुकलेली राहतात आणि टायरची आतली कड झिजते. शिवाय त्या जाड घडीव आसाला हा कोन बदलण्यासाठी सोपा स्क्रू नव्हता. जुने कारागीर मोठ्या जॅकने आस थंडच वाकवून कोन जमवायचे.

नंतरच्या मोटारींमध्ये साधारणपणे प्रत्येक चाकाला एकावर एक असे दोन हात असतात. वरचा आखूड, खालचा लांब. दोघांची लांबी वेगळी ठेवण्यात सगळी गंमत आहे. चोर्ल्याच्या घाटात बस वळणावर बाहेरच्या बाजूला कशी झुकते ते आठवा. गाडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलायला बघतं आणि टायर कडेवर उभा राहतो. वरचा हात आखूड असल्यामुळे चाक वर जाताना त्याचा माथा बेताने आत ओढला जातो. गाडीचं झुकणं आणि चाकाचं आत येणं एकमेकांना बरंचसं खोडून काढतात आणि टायर रस्त्यावर सपाट राहतो.

तीन कोन

पप्पांनी मला हे तीन कोन पायांवरून शिकवले.

सरळ उभे राहा आणि दोन्ही गुडघे आत घ्या किंवा बाहेर काढा. समोरून पाहिल्यावर पायांचा जो कल दिसेल तो कॅम्बर. आता पायांचे अंगठे आत वळवा किंवा बाहेर. वरून पाहिल्यावर दिसेल तो टो. टो मोजायचा तर इंचाच्या सोळाव्या हिश्शाची भाषा चालते, आणि तेवढ्यानेही टायर महिन्याभरात झिजू शकतो.

तिसरा कॅस्टर, आणि तो सायकलवर कळतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी चालत्या सायकलचं चाक सरळ राहायला बघतं. मोटारीतही चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस काही अंश मागे कललेला असतो. हा कल कमी पडला की गाडी रस्त्यावर भरकटते आणि चालवणाऱ्याला सतत स्टीअरिंग दुरुस्त करत राहावं लागतं.

याला एक चौथी गोष्ट जोडते, कारण मामीला ज्याची भीती बसली ते तिच्याशी संबंधित आहे. स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी जी काडी असते, टाय रॉड, तीही चाकाबरोबर वर-खाली होते. काडीची कमान आणि सस्पेन्शनच्या हातांची कमान एकमेकींशी जुळत नसतील तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना काडी त्याला ढकलते किंवा ओढते. चालवणाऱ्याने काही केलेलं नसतानाही चाक वळतं. याला बंप स्टीअर म्हणतात.

कुणाचे पाय आणायचे?

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी या कामासाठी अनेक गाड्या वापरल्या आहेत. जुन्या काळापासून गाजलेली म्हणजे १९७४ ते १९७८ मधली मस्टँग टू. तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर होतं आणि रॅक-अँड-पिनियन स्टीअरिंग त्याच्याबरोबरच यायचं. ते इतकं रुळलं की पुढे त्याच नमुन्यावर नवे भाग बनवणारा एक धंदाच उभा राहिला. पण मूळ मस्टँग टू ही हलकी मोटार, आणि मामाच्या पिकअपमध्ये ३६० घनइंचांचं, म्हणजे साधारण ५.९ लिटरचं व्ही-८ इंजिन.

म्हणून मामाने क्राउन व्हिक्टोरिया निवडली. हॉलिवूडच्या सिनेमांत पोलिसांची जी लांबलचक मोटार दिसते तीच. २००३ साली फोर्डने तिची चौकट आणि पुढचं सस्पेन्शन नव्याने रचलं. पुढे ॲल्युमिनियमचा ओतीव आडवा सांगाडा आला, क्रॉसमेंबर. त्याच्यावर हात, शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग, रॅक स्टीअरिंग आणि डिस्क ब्रेक असं जवळजवळ सगळं एकत्र येतं. बोल्ट काढले की पूर्ण जुडगाच गाडीखालून बाहेर. ही मोटार स्वतःच साधारण १,८०० ते १,९०० किलोची, त्यामुळे तिचे भाग पिकअपचा भार पेलतात. तिचं उत्पादन २०११ मध्ये कॅनडातल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यात संपलं. पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी इतक्या वापरल्या की भंगाराच्या आवारांत त्या सहज मिळत राहिल्या.

पूर्ण जुडगा एकत्र येतो हीच यातली खरी सोय. एका गाडीचे हात, दुसरीचं स्टीअरिंग, तिसरीचे ब्रेक असं जमवायला गेलं की वर सांगितलेल्या कमानी जुळत नाहीत आणि बंप स्टीअर नव्याने विकत घेतल्यासारखं होतं. भाषांतराच्या तासाला आपल्याला सांगतात की शब्द सुटे उचलू नका, वाक्य उचला. मामाने वाक्य उचललं.

आणखी एक योग असा की क्राउन व्हिक्टोरियाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण ११५ इंच आणि मामाच्या आखूड पिकअपचंही ११५ इंच. हे महत्त्वाचं आहे. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, आणि किती जास्त ते या अंतरावर ठरतं. ते जुळल्यामुळे आणलेलं स्टीअरिंग नव्या घरातही आपला हिशोब विसरत नाही.

कापण्याआधी मोजणं

या भागात मामाचे तीन शनिवार गेले आणि एकही ठिणगी उडाली नाही. त्यालाच तो कंटाळला होता. पप्पा मात्र खूश होते.

सुरुवातीला चाकं जागेवर असतानाच मडगार्डच्या कमानीत चाकाचं केंद्र कुठे येतं ते मोजायचं. ओळंबा सोडून त्या केंद्राची खूण जमिनीवर करायची. चाकं एकदा निघाली की ती कुठे होती हे सांगणारी तेवढी एकच खूण उरते. नंतर गाडीची चौकट घोड्यांवर ठेवायची, आणि काम संपल्यावर ती रस्त्यावर जशी उभी राहणार आहे तशीच ठेवायची. पुढून थोडी खाली हवी असेल तर आत्ताच तेवढी खाली. कारण चौकट एक अंश पुढे झुकली की कॅस्टरही एक अंशाने बदलतो. सपाट ठेवून वेल्डिंग केलं आणि मग गाडी पुढे झुकवली तर सगळी मोजमापं फुकट गेली.

नंतर जुनं सगळं उतरवायचं. इंजिन, स्टीअरिंग बॉक्स, दोन्ही आस, आणि ज्याच्यावर ते टांगलेले असतात तो रिव्हेट ठोकून बसवलेला आडवा तुकडा. रिव्हेटची डोकी ग्राइंडरने उडवावी लागतात. उघडी पडलेली चौकट घासून साफ करायची आणि हातोडीने ठोकून ऐकायची. चांगलं पोलाद खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. पप्पांनी मोबाईलवरून तो आवाज ऐकला आणि डाव्या बाजूला एका ठिकाणी पुन्हा ठोकायला लावलं. तिथे खरंच गंज होता. तो भाग आधी दुरुस्त झाला, मग पुढचं काम.

ठिगळ

ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी चौकटीला नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही. म्हणून मध्ये पोलादी ब्रॅकेट येतात. ब्रॅकेट चौकटीला वेल्ड होतात आणि सांगाडा त्यांना बोल्टने बसतो. पुढच्या चाकांचा सगळा भार, ब्रेक मारल्यावरचा सगळा जोर याच जोडांमधून जातो.

शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये अशी गोष्ट येते. मिस्साला किती वेळा ऐकली असेन, पण तिचा अर्थ मी कायम नव्या आणि जुन्या विचारांपुरताच घेत होते. पप्पांनी मला त्यातलं लोखंड दाखवलं. चौकटीचा जुना पत्रा हेलकाव्यांबरोबर थोडा वाकतो, आणि तसा वाकावा म्हणूनच तो बनवलेला असतो. त्यावर जाड ताठ ब्रॅकेट लावला की ब्रॅकेटखालचा भाग वाकत नाही. सगळं वाकणं ब्रॅकेटच्या कडेशी गोळा होतं. कडेला वरपासून खालपर्यंत सरळ उभं वेल्डिंग मारलेलं असेल तर काही वर्षांनी नेमकी तिथेच, वेल्डच्या शेजारी, चीर पडते. ठिगळ टिकतं, फाटतं जुनं कापड.

यावर उपाय आहेत. मजबुतीच्या पट्टीची टोकं सरळ कापायची नाहीत, तिरकी किंवा माशाच्या तोंडासारखी कापायची, म्हणजे ताठपणा हळूहळू कमी होत जातो. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर वेल्ड नेऊन थांबवायचा नाही, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. पट्टीला भोकं पाडून त्यांतून वेल्ड भरायचा, म्हणजे भार पसरतो. आणि एका दमात लांब वेल्ड मारायचा नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने चौकटच मुरडते.

पप्पा रोज बजावायचे, "नुसते टाके मार. पूर्ण वेल्डचं नाव काढू नको." टाके म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, शिवणीत कच्चे टाके घालतात तसेच.

जानेवारीतल्या एका शनिवारी मामाने टाके मारून सांगाडा चढवला आणि कर्ण मोजले. डाव्या पुढच्या चाकाच्या केंद्रापासून उजव्या मागच्या केंद्रापर्यंत एक, आणि उलट दुसरा. दोन्ही सारखे यायला हवेत. तीन सूत फरक आला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे फरक जवळजवळ साडेनऊ मिलिमीटरचा. एक चाक दुसऱ्यापेक्षा तेवढं पुढे होतं.

मामा म्हणाला, "भावजी, एवढं अलाइनमेंटमध्ये निघून जाईल हो."

पप्पा काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "अलाइनमेंटवाला टो जमवून देईल तुला. चाक जागेवरून पुढे गेलंय ते तो कुठून मागे आणणार? काढ."

पडद्यावर मामाचा चेहरा उतरलेला दिसत होता. तीन शनिवार मोजण्यात गेलेला माणूस, त्यात गुडघे दुखत होते. त्याने फोन बंद केला. आम्हाला वाटलं तो आता पूर्ण वेल्ड मारून मोकळा होणार. दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला तेव्हा टाके घासून काढलेले होते आणि सांगाडा खाली जमिनीवर होता. चूक कुठे झाली तेही त्याने शोधलं होतं. जमिनीवरची एक खूण त्याने मडगार्डवरून घेतली होती, आणि ते मडगार्ड कधीतरी ठोकर लागून मागे सरकलेलं होतं. या खेपेला त्याने माप चौकटीच्या मूळ भोकांवरून घेतलं. कर्णांमधला फरक अर्ध्या सुताच्याही आत आला. मग पप्पांनी पूर्ण वेल्डला परवानगी दिली.

जोडल्यानंतरची जोडणी

सांगाडा बसला म्हणजे काम झालं असं नाही. एक बदल केला की शेजारच्या चार गोष्टी जागच्या हलतात.

इंजिनच्या खालचं तेलाचं पात्र नव्या सांगाड्याला अडू शकतं. मामाला वेगळ्या आकाराचं पात्र आणि इंजिनचे नवे आधार बनवावे लागले.

जुना स्टीअरिंगचा दांडा वेगळ्या बॉक्सकडे जायचा. आता तो खाली रॅककडे न्यायचा तर मध्ये सांधे लागतात. सांध्यांचे कोन फार तीव्र झाले किंवा दोन सांधे एकमेकांशी नीट जुळवून बसवले नाहीत तर स्टीअरिंग वळवताना कुठे जड, कुठे हलकं लागतं.

ब्रेकचं गणित वेगळंच. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारी झडप असू शकते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. डिस्कला दाबही जास्त लागतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असले तर मागची चाकं आधी जाम होऊ नयेत म्हणून दाब वाटून देणारी झडप लावावी लागते. नव्या ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण वळवून आणि पूर्ण खाली सोडून तपासायच्या, कुठे ताणत नाहीत ना, कुठे घासत नाहीत ना.

चाकांची गंमत आहे. मूळ एफ-१०० च्या चाकाला पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. विलिस जीपचं आणि आपल्या मारुती जिप्सीचंही हेच माप. क्राउन व्हिक्टोरियाचेही बोल्ट पाचच, पण वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं. म्हणजे पुढची चाकं मागे बसत नाहीत, मागची पुढे बसत नाहीत आणि स्टेपनी एक ठेवून भागत नाही. मामाने शेवटी मागचा ॲक्सलही फोर्ड एक्सप्लोररचा घातला, त्याचं वर्तुळ ११४.३ चंच आहे. शिवाय नवा सांगाडा रुंद असल्यामुळे चाकं मडगार्डच्या बाहेर येऊ नयेत म्हणून आत खोल बसणाऱ्या रिंगा घ्याव्या लागल्या. "एक ब्रॅकेट लावायला गेलो आणि अर्धी गाडी बदलली," असं मामी आता सगळ्यांना सांगते.

करावं की नाही?

मला विचाराल तर सरसकट 'करा' असं मी म्हणणार नाही. ज्याची एफ-१०० मूळ अवस्थेत आहे आणि ज्याला ती तशीच जपायची आहे, त्याने चौकटीला ग्राइंडर लावू नये. किंगपिन आणि बुश नवे घालावेत, सस्पेन्शन मूळ उंचीवर आणावं, आणि गाडी तिच्या वयाला शोभेल अशा वेगाने चालवावी. बहुतेकांचं दुखणं तेवढ्यानेच बरं होतं. कापलेली चौकट पुन्हा कारखान्यातल्यासारखी होत नाही. आणि ज्याला स्वतःला भरवशाचं वेल्डिंग येत नाही त्याने ते येणाऱ्याकडूनच करून घ्यावं. याबाबतीत अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. काही राज्यांत गाडीची नियमित सुरक्षा-तपासणी होते, काहींत होत नाही. जिथे कुणी तपासत नाही तिथे करणाऱ्यालाच स्वतःचा इन्स्पेक्टर व्हावं लागतं.

आपल्याकडे प्रश्नच वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी-पुस्तकातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे हे वाचून कुणी आजोबांच्या जीपखाली शिरू नये.

मामाची गाडी मार्चमध्ये रस्त्यावर आली. अलाइनमेंटचा छापील कागद त्याने आधी भावजींना पाठवला, मग मामीला दाखवला. पहिल्या शंभर मैलांनंतर त्याने प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून पाहिला आणि प्रत्येक वेल्डच्या कडेवर टॉर्च फिरवला. पप्पांनी दर सहा महिन्यांनी तसं करायला सांगितलंय.

मामी लगेच बसली नाही. मामाने तिला तो खड्डा होता त्याच रस्त्याने स्वतः एकटा जाऊन आल्याचं सांगितलं, तरी नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्साला तिची मोटार सुरू झाली नाही. बॅटरी खरंच उतरली होती की मामाने काही केलं होतं हे अजून कळलेलं नाही. ती पिकअपमध्ये बसली, जाताना आणि येतानाही. मामा सांगतो की पूर्ण रस्ता तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. पप्पा म्हणाले, "धरू दे. बुशलासुद्धा बसायला वेळ लागतो."